ज्याचं मशीन त्याच्यासमोर

आमच्या घरी आलेल्या माणसाला बसायला सोफा नाही. होता एकेकाळी. आता तो गच्चीवर ऊन खात पडलाय आणि त्याच्या जागी एक लांबलचक लोखंडी टेबल आहे. टेबलावर कायम दोनचार लॅपटॉप पोट उघडून उताणे पडलेले असतात. माझी नणंद एकदा दारातूनच म्हणाली, “वहिनी, रिटायर झाल्यावर भंगाराचं दुकान टाकलं काय वं?” मी म्हटलं, “हो, वजनावर घेते. तुमच्याकडं काही असेल तर पाठवून द्या.” पुढे बरेच महिने बाई आमच्याकडे फिरकल्या नाहीत. त्या महिन्यांत माझी कामं मात्र भराभर झाली.

मी अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात संगणकाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. सहायक म्हणजे काय, तर शिकवायचे प्राध्यापक, आणि मशीन बंद पडलं की हाक मला. “वानखडे म्याडम, पाहा बरं याले काय झालं!” अख्खी नोकरी मी टेबलाखाली वाकून वायरी चाचपण्यात काढली. माझ्या हाताखालून गेलेले पोट्टे पुण्याला, हैदराबादला मोठमोठ्या हापिसांत लागले. त्यातला एक दरवर्षी दिवाळीत पेढे घेऊन यायचा. एका दिवाळीला पेढ्यांऐवजी पोतं घेऊन आला. पोत्यात लॅपटॉप. म्हणाला, “म्याडम, आमच्या हापिसात थोडे जुने झाले का टाकून देतात. चांगले चालू हायेत. फेकाले जीव होत नाई.” ते पोतं पाहून मला संतापही आला आणि लोभही सुटला. तेव्हापासून हे चालू आहे. जुनं मशीन आणायचं, धुऊनपुसून, डागडुजी करून त्यात जीव आणायचा आणि ज्याला खरंच गरज आहे त्याला देऊन टाकायचं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी काम कसं चालतं ते सांगते. सगळ्यात आधी आतली डिस्क कोरी करायची. देणाऱ्याचे फोटो, हिशेब, प्रेमपत्रं, काय असेल ते न पाहता पुसायचं. यात मी कडक आहे. मग उलटं करून खालचं झाकण उघडायचं. लॅपटॉपचे स्क्रू म्हणजे तीळ बरे. म्हणून मी मसाल्याचा डबा घेतलाय, प्रत्येक वाटीत एकेका जागचे स्क्रू. आमचे हे एकदा भाजीला मोहरी घालायला तो डबा घेऊन निघाले होते, थोडक्यात वाचले. त्यानंतर मेमरीच्या पट्टीचे पितळी दात शाळेतल्या खोडरबरानं घासायचे. हसू नका, निम्मी ‘मेलेली’ मशीनं एवढ्यानंच उठून बसतात. पंखा ब्रशनं साफ करायचा, तापणाऱ्या चिपवरचा वाळलेला मलम खरवडून नवा लावायचा. आणि शेवटी त्यात लिनक्स टाकायचं.

लिनक्स म्हणजे मशीन चालवणारी व्यवस्था. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली आणि सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. घ्या, वापरा, आत डोकावून पाहा, आपल्या सोयीनं बदला, दुसऱ्याला द्या, कोणाची परवानगी नको. शेजारणीनं रोडगे पाठवावेत, सोबत कृतीही सांगावी, आणि वर म्हणावं की मीठ तुमच्या चवीनं घाला, तसं आहे ते. त्यातले काही प्रकार इतके हलके असतात की थकलेलं मशीनही त्यांच्यावर तुरुतुरु चालतं. पण फुकट म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी मागे सरकतो. एक निवृत्त तलाठी नातीसाठी मशीन न्यायला आले होते. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “फुकट हाये तं त्यात खोट काय हाये, ते आधी सांगा.” मी म्हटलं, “काका, खोट असती तर विकलं असतं.” त्यांना ते पटलं असावं, कारण मशीन घेऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याला घेऊन आले.

वऱ्हाडातलं मशीन उघडलं की ते कोणाच्या घरी नांदलं ते लगेच कळतं. जिनिंगच्या हापिसातून आलेल्या लॅपटॉपच्या पंख्यात इतका कापूस निघाला की लेकराची उशी भरली असती. सेमाडोहकडच्या एका शाळेला दिलेलं मशीन दिवाळीनंतर परत आलं. बटणं दबेनात. कीबोर्ड काढला तर खाली तांदूळ, कुंकवात लाल झालेले. हेडमास्तर अगदी गंभीरपणे म्हणाले, “म्याडम, दसऱ्याले शस्त्रपूजा केली. आमचं शस्त्र तं हेच हाये न?” आता या माणसावर काय रागवायचं! मी चिमट्यानं एकेक अक्षत वेचली आणि पुढच्या वर्षी हळदकुंकू मशीनच्या पिशवीला वाहायचं असं ठरवून दिलं.

सगळं गोडच झालं असं मात्र नाही. नर्सिंगला जाणाऱ्या एका मुलीला मोठ्या हौसेनं दिलेलं मशीन वर्षभरानं मला एका लग्नात भेटलं. बँडवाल्याच्या गाडीवर, गाणी वाजवत होतं. झाकणावरचा ओरखडा माझ्याच हातून पडलेला, म्हणून ओळखलं. मुलीच्या भावानं परस्पर देऊन टाकलं होतं. त्या लग्नातलं जेवण मला गोड लागलं नाही, आणि त्या मुलीचं पुढे काय झालं ते मी विचारायला गेले नाही, याचं वाईट वाटतं.

माझं काम झाडपूस आणि सॉफ्टवेअर एवढंच. मशीनचं मेलेलं बोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, जिवंत करायचं काम अकोल्याच्या युसूफभाईंचं. हे मूळचे रेडिओवाले. मग टीव्ही, मग मोबाइल, मग मी. जुन्या शहरात त्यांचं बोळकांडीएवढं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून सोल्डरचा डाग द्यायला बसले की बाहेर मिरवणूक जावो नाहीतर भांडण, त्यांना पत्ता नसतो. या माणसाचा एक नियम आहे आणि त्यानं मला फार पिडलंय. मालक समोर बसल्याशिवाय ते कोणतीही पेटी उघडत नाहीत. रेडिओच्या काळात लोकांना सारखा संशय, कारागिरानं आतला चांगला व्हॉल्व्ह काढून जुना घातला असणार. म्हणून त्यांच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, ज्याची पेटी त्याच्या डोळ्यांसमोर खोलायची, काय निघालं ते त्याच्या हातावर ठेवायचं. आता दान आलेल्या लॅपटॉपला मालक कुठून आणू? तर म्हणे, तुम्ही आणलं ना, मग तुम्ही बसा. म्हणजे मी अमरावतीहून एसटीनं अकोल्याला जायचं, आणि त्यांच्या स्टुलावर बसून त्यांनी स्क्रू काढताना पाहायचं. “युसूफभाई, मले घरी कामं नाईत काय?” मी वैतागून म्हणायची. “म्याडम, आदत हाये. चाय घ्या,” एवढंच उत्तर. चहा मात्र चांगला असतो.

गजानन माझ्याकडे आला तो याच काळात. ती वर्षं आपल्याकडे फार वाईट गेली. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, एका साली अळी, एका साली पाणीच नाही. सकाळी पेपर उघडायचा धीर होत नसे. एक दिवस अनुसयाबाई नावाच्या बाई आपल्या मुलाच्या शर्टाची बाही धरून दारात उभ्या राहिल्या. भातकुलीच्या पलीकडच्या खेड्यातल्या. मुलगा पंचविशीचा, उंच, काळा चष्मा घातलेला. हा गजानन. बी.ए.चं शेवटचं वर्ष तेवढं राहिलेलं. हंगामात फवारणीला रोजानं जायचा. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, वारं उलटं फिरलं आणि औषध सगळं तोंडावर आलं. दवाखाने झाले, नागपूर झालं. डोळे गेले ते गेलेच.

“बोलनारं मशीन तुमच्यापाशी हाये म्हंते,” अनुसयाबाई म्हणाल्या.

“मशीन आहे. बोलायला लावावं लागेल,” मी म्हटलं.

गजाननानं आईच्या हातातली बाही सोडवली. मग म्हणाला, “म्याडम, आमच्यासारख्याइच्या राखीव जागा निंगतात. बी.ए. पाह्यजे त्याले. परीक्षेत लिवाले मानूस देतात, पन वाचाचं तं माह्यं मलेच लागन न. कोन किती वाचून दाखवन? घरी कोनाले वाचता येत नाई.” हे तो रडतरडत बोलला नाही, हिशेब मांडावा तसं बोलला. म्हणूनच मला ते लागलं.

पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम लिनक्समध्ये असतो, फुकट. मला तो आहे एवढं माहीत होतं, वापरायचा कसा याचा गंध नव्हता. आणि डोळे उघडे ठेवून शिकवलं तर मी “तिकडे क्लिक कर” म्हणणार, त्याला ‘तिकडे’ कुठून दिसणार? म्हणून मी ओढणीनं डोळे बांधले आणि तसंच मशीन चालवायला बसले. काय सांगू बाप्पा, पहिल्या दिवशी मला साधं बंदसुद्धा करता आलं नाही. आमच्या ह्यांनी चहा मागितला तर म्हटलं, “आंधळी कोशिंबीर चालू आहे, तुमचा तुम्ही करून घ्या.” असे काही दिवस गेले, तेव्हा कुठे उंदराला हात न लावता नुसत्या बटणांवर मशीन चालवणं जमू लागलं.

मग गजानन दर आठवड्याला येऊ लागला. कीबोर्डवर दोन बटणांना बारीक उंचवटा असतो, आपलं कधी लक्ष जात नाही. तिथे बोटं टेकवली की बाकीची बटणं कुठे आहेत ते कळतं. त्यानं पहिल्याच दिवशी ते उंचवटे शोधले आणि “सापडले वो!” म्हणून ओरडला. मशीनचा मराठी आवाज ऐकून तर खो-खो हसला. “हे तं लय साजरं बोलून राह्यलं, म्याडम. पुन्याचा पाव्हना आला वाटते घरी!” अनुसयाबाईंनी चमकून मुलाकडे पाहिलं. नंतर माझ्या कानाशी म्हणाल्या, वर्षभरात पोरगं आज हसलं.

छापलेल्या पुस्तकाचा फोटो काढला तर मशीनला ते नुसतं चित्र वाटतं, वाचता येत नाही. चित्रातली अक्षरं ओळखून टाइप करून देणारा आणखी एक प्रोग्राम आहे. तो आपला जमेल तसं ओळखतो आणि मधूनच भलतंच काही लिहून ठेवतो. मी पुस्तकाच्या पानांचे फोटो काढायचे, त्यातल्या चुका सुधारायच्या, आणि पेन ड्राइव्हवर गजाननला द्यायचं. तो ते ऐकायचा आणि स्वतःची टिपणं स्वतः टाइप करायचा. ऐकण्याचा वेग त्यानं इतका वाढवला की मला नुसती चिवचिव ऐकू यायची. “कसं कळतं रे तुला?” विचारलं तर म्हणायचा, “तुमाले डोये हायेत म्हून कान आयशी झाले.” माझ्या कानांना आळशी म्हणण्याइतकी उलट उत्तरं तो मला द्यायला लागला तेव्हा मी ठरवलं की आता मशीन घरी न्यायला हरकत नाही. देताना सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. गादीवर ठेवू नको, तापू देऊ नको, हवा लागेल असं ठेव.

उन्हाळा लागला. गजाननचा फोन आठवड्याला यायचा, हे पान अर्धंच आलं, ते पान उलटं आलं. मग फोन बंद झाले. मीच लावला.

“म्याडम, माह्यानं मशीन बिघडलं,” तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेलेला. “चालूच होत नाई. काय दाबलं म्या, कोनास ठाऊक. तुमी ते वापस घ्या आन् दुसऱ्या कोनाले द्या.”

“अरे, बटण दाबून मशीन मरत नसतं. घेऊन ये.”

“नाई जी. लोक बरोबर म्हनून राह्यले, आंधळ्याच्या हाती काहून देल्लं म्हून. मले नाई जमत. परीक्षेचा फारम बी नाई भरत मी.”

माझं डोकंच फिरलं. ओढणी बांधून मी इतके दिवस मशीनपुढे धडपडले होते ते काय याच्यासाठी? “हे बघ गजानन,” मी म्हटलं, “फॉर्मचं मला सांगू नको. उद्या मशीन घेऊन अमरावतीच्या स्टँडवर ये. आपण अकोल्याला जाऊ. आत काय झालंय ते युसूफभाई सांगतील, तू नाही सांगायचं.” तेवढ्यात अनुसयाबाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला. “राहू द्या न म्याडम,” त्या म्हणाल्या. “काहून उघडता? बिघडलं तं बिघडलं. आमचं नशीब.” मला वाटलं बाई खर्चाला भितात. म्हटलं, पैसे लागत नाहीत. त्या “तसं नाई” म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिघं एसटीत बसलो. लॅपटॉपची पिशवी अनुसयाबाईंच्या मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मूर्तिजापूरला गाडी थांबली, मी चहा आणला. गजाननानं घेतला, बाईंनी मान हलवली. अकोल्यात उतरलो तर डांबर चपलेला चिकटत होतं. युसूफभाईंच्या दुकानात कुलर घुमत होता. आम्ही दोघं त्याच्यापुढे बसलो. अनुसयाबाई मात्र दुकानाच्या दाराशी, अर्ध्या उन्हात टेकल्या. “माय, इकडं ये न, गार हाये,” गजानन म्हणाला. “मी बरी हाये अठी,” त्या म्हणाल्या.

युसूफभाईंनी मशीन समोर घेतलं आणि आमच्याकडे पाहून थांबले. मालक समोर पाहिजे, आणि या मालकाला दिसत नव्हतं. मी म्हटलं, “उघडा हो, मी पाहते.”

“तुमचं नाई म्याडम, त्याचं हाये,” ते म्हणाले. त्यांनी स्टूल ओढून गजाननाला आपल्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसवलं. “दे बेटा, हात दे. मी काय करून राह्यलो ते तुले कळलं पाह्यजे.” आणि आधी बॅटरी काढली ती त्याच्या हातावर ठेवली. मग एकेक स्क्रू. मग झाकण. झाकण निघालं आणि मला जे दिसलं ते पाहून मी तोंड उघडणार, तोच युसूफभाईंनी मला हातानं गप्प केलं. पंख्याच्या जाळीपासून बोर्डाच्या मधल्या भागापर्यंत पांढरी पुटं चढली होती. मडक्याला बाहेरून चढतात तशी. त्यांनी गजाननचं बोट धरून जाळीवर टेकवलं.

“काय लागते?”

“खरखरीत हाये. वाळूवानी.”

“आता इकडं. हे बोर्डाचं कोरं अंग. कसं लागते?”

“गुळगुळीत.” गजाननानं पुन्हा बोट जाळीकडे नेलं. बोटाला लागलेलं पांढरं अंगठ्यानं चोळलं. आणि आम्हाला कळायच्या आत बोट जिभेला लावलं.

“अरे, चाटतो काय! जहर रहता उसमें!” युसूफभाई ओरडले.

गजानन तोंड वाकडं करून थुंकला. मग हळू म्हणाला, “खारं हाये. हे तं आमच्या बोअरचं पानी हाये.”

भातकुलीकडचा तो सगळा पट्टा खारपाण. जमिनीखालचं पाणी तोंडात धरवत नाही. प्यायला नळाचं पाणी येतं ते चारआठ दिवसांनी, त्यामुळे कुलरमध्ये कोणी ते वाया घालवत नाही, बोअरचं खारं पाणीच ओततात. दोन महिन्यांत कुलरचं गवत पांढरं होतं. हे सगळं एका क्षणात माझ्या ध्यानात आलं. गार वारा, वाऱ्यात बारीक तुषार, तुषारांत मीठ. आणि मीच सांगितलं होतं, तापू देऊ नको, हवा लागेल असं ठेव.

“कुलरपुढं ठेवत होतास काय रे?” मी विचारलं.

“नाई जी. मी तं खोलीतल्या टेबलावर ठेवो. कुलर बाहेरच्या खोलीत हाये.”

दाराशी अनुसयाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. “म्या ठेवलं,” त्या म्हणाल्या. “दुपारी हा जेवून झोपे तवा म्या ते उचलून कुलरपुढं ठेवो. हात लावला तं तापलेलं राहे. म्हटलं, दिवसभर बोलून बोलून त्याचंबी डोकं तापत असन. दोन घंटे गार वाऱ्यात राह्यलं तं बरं. याच्या उठायच्या आंदी परत जाग्यावर ठेवो. एक दिवस पाह्यलं तं झाकनावर पांढरं पांढरं. पदरानं पुसून टाकलं. मंग ते चालूच झालं नाई.”

युसूफभाईंनी कुलर बंद केला.

“सांगाची हिंमत नाई झाली वो म्याडम,” त्या म्हणाल्या. “तो रोज म्हने, म्याच काईतरी दाबलं. म्या आयकून घेतलं, बोलली नाई. त्या दिशी फवारनीले बी जात नव्हता हा. आंग दुखते म्हने. म्याच धाडला. म्हटलं, रोज बुडते. डोये बी म्याच घेतले याचे, आन् आता हे बी.” आणि पदर तोंडात धरून त्या मटकन खाली बसल्या.

गजानन तसाच बसला होता. बॅटरी अजून त्याच्या हातात. मला वाटलं, आता हा आईला काय म्हणतो कोण जाणे.

“म्हंजे म्या नाई बिघडवलं?” तो म्हणाला.

“नाई बेटा,” युसूफभाई म्हणाले.

“काई चुकीचं दाबल्यानं नाई झालं?”

“तुह्या दाबन्यानं काई नाई झालं. मीठ शिरलं आत. डोयेवाल्याच्या हातात असतं तरी मेलं असतं.”

“नक्की?”

“अल्लाची कसम.”

गजाननाच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. आधी थोडं, मग पुरतं. त्यानं बॅटरी टेबलावर ठेवली, उठला, हात पुढे करून दाराकडे गेला आणि चाचपत आईच्या शेजारी खाली बसला. “माये, सांगतीस तं बरं झालं असतं वं,” तो म्हणाला. “मी काय भेव घेऊन बसलो होतो! डोये गेले तं गेले, मले वाटलं आता बोटं बी गेली माह्यी.” अनुसयाबाई आणखीच रडू लागल्या. तो हसत होता आणि तिचं डोकं थोपटत होता. “रडू नको. फवारनीचं बी मनात आनू नको. तू नसतं धाडलं तं दुसऱ्या दिशी गेलोच असतो न. रडू नको म्हन्तो न मी.” माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि युसूफभाई भिंग पुसत होते. स्वच्छ होतं ते, तरी पुसत होते.

बोर्ड काही वाचलं नाही. डिस्क मात्र ठणठणीत होती. लिनक्सचं हे एक बरं असतं, एका मशीनची डिस्क काढून दुसऱ्यात घातली तर बहुतेक वेळा ते तक्रार न करता आहे तिथून पुढे चालू होतं. मी दान आलेली दोन मशीनं युसूफभाईंकडे ठेवली होती, त्यातल्या एकात ती बसवली. मशीन सुरू झालं आणि चिवचिव बोलायला लागलं. गजाननची सगळी टिपणं जागच्या जागी होती. अनुसयाबाई दारातून उठून हळूहळू टेबलाशी आल्या. “बोलते का?” त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडून ‘हो’ ऐकल्यावर कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेऊन घटाघटा प्यायल्या.

“म्याडम,” गजानन म्हणाला, “फारमाची तारीख निंगून तं नाई न गेली?”

अजून गेली नव्हती. फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. मी म्हटलं, सरक, मी भरून देते, दोन मिनिटांचं काम आहे. त्यानं कोपर आडवं लावलं आणि मशीन आपल्याकडे ओढून घेतलं. नाव, गाव, विषय, सगळं त्यानं स्वतः टाइप केलं. आमची शेवटची बस निघून गेली तरी कोणाला हात लावू दिला नाही.